नवशिक्या मोटारचालकाचा विमा

पुण्यांतील एका मध्यमवर्गीय घरांतला प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. बावीस वर्षांचा एक तरुण नुकताच नोकरीस लागला आहे. मोटार चालविण्याचा परवाना हातीं येऊन त्याला अवघे चार महिने झाले आहेत. त्याच्या मामांनीं आपली तीन वर्षें वापरलेली मोटार त्याला बेताच्या किमतीस दिली आणि गाडीची नोंद त्याच्या नांवावर झाली. विम्याची मुदत पंधरवड्यांत संपणार, म्हणून त्यानें तीन ठिकाणांहून दर मागविले. ते तीन कागद टेबलावर शेजारीं शेजारीं मांडून तो म्हणाला, “मामा, हा तिसरा सर्वांत स्वस्त दिसतो. कायदा तेवढाच मागतो ना? मग हाच घेतों.”

मामांनीं चष्मा सारखा केला आणि ते म्हणाले, “कायदा काय मागतो तें ठीक आहे रे, पण उद्यां अपघात झाला तर लोक तुझ्याजवळ काय मागतील, आणि तें द्यायला तुझ्याजवळ काय आहे, हें आधीं पाहा.”

मामांच्या या उत्तरांत मोटार-विम्याचें सारें मर्म आलें आहे. विमा म्हणजे अनेकांनीं थोडें थोडें देऊन एकावर कोसळलेलें संकट वांटून घेण्याची सोय. परंतु संकटेंही दोन प्रकारचीं असतात. कांहीं आपण पदरमोड करून निभावून नेऊं शकतों. कांहीं आलीं तर घरदार विकूनही निभत नाहींत. पहिल्या प्रकारचा धोका स्वतःकडे ठेवावा, दुसऱ्या प्रकारचा विम्यावर सोंपवावा; स्वस्त विमा शोधण्याची खरी रीत हीच होय. जो मनुष्य केवळ हप्त्याचा आंकडा पाहतो, तो पुष्कळदां याच्या नेमकें उलट करून बसतो.

प्रथम कायद्याची गोष्ट. इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें मोटार-मालकावर तिऱ्हाइतासाठीं विमा उतरविण्याची सक्ती झाली. आपल्याकडे १९३९ सालीं मोटार-वाहनांचा कायदा झाला आणि त्यांतील विम्याच्या सक्तीचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. पुढें १९८८ च्या कायद्यानें ती सक्ती तशीच ठेविली. या विम्याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. करारांतील पहिला पक्ष मालक, दुसरा विमा-कंपनी आणि तिसरा तो, ज्याचा या कराराशीं कांहीं संबंध नसतां जो गाडीखालीं सांपडतो. कायद्याला काळजी आहे ती या तिसऱ्याची. मालकाच्या गाडीचा चुराडा झाला तरी त्याचें कायद्याला सोयरसुतक नाहीं. विम्यावांचून गाडी रस्त्यावर आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्या वेळीं २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. पुन्हा तसें केल्यास दंड ४,००० रुपये.

दंडाचा आंकडा लहान वाटतो. पण दंड ही खरी भीति नव्हे. खरी भीति कोणती, तें एका हिशेबानें कळेल. बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ कायम नोकरींत आहे. पगार दरमहा ३०,००० रुपये. घरांत पत्नी, दोन मुलें व म्हातारी आई. दुर्दैवानें नवशिक्याच्या हातून घडलेल्या अपघातांत तो दगावला. न्यायाधिकरण भरपाई ठरवितें ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ सालच्या निर्णयांत घालून दिलेल्या रीतीनें. वर्षाची मिळकत ३,६०,००० रुपये. चाळिशीच्या आंतील कायम नोकरदाराच्या भावी पगारवाढीसाठीं तींत निम्मी भर घालावयाची; म्हणजे ५,४०,००० झाले. चार माणसें त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटीं चौथा हिस्सा वजा करावयाचा, उरले ४,०५,०००. एकतीस ते पस्तीस या वयासाठीं गुणक १६ ठरलेला आहे. गुणाकार केला म्हणजे ६४,८०,००० रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च वगैरे रकमा याहून निराळ्या.

चौसष्ट लाख ऐंशीं हजार रुपये! नुकत्या नोकरीस लागलेल्या मुलाचा सबंध जन्म यांत जाईल; आणि त्याचा जन्म गेला तरी त्या विधवेच्या हातीं पैसा वेळेवर पडणार नाहीं. हा धोका कोणीही गृहस्थ स्वतःच्या बळावर पेलूं शकत नाहीं. म्हणून मृत्यु व इजा यांबाबत तिऱ्हाइताच्या विम्याला रकमेची मर्यादा ठेविलेली नाहीं. न्यायाधिकरण ठरवील तेवढी भरपाई कंपनीनें द्यावयाची असते.

आणि या अमर्याद जबाबदारीचा हप्ता केवढा? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरांप्रमाणें १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढें १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये, कर वेगळा. हे दर सरकार ठरवितें, कंपनी नव्हे. म्हणून या भागापुरती दहा दुकानें हिंडण्यांत अर्थ नाहीं. सगळीकडे भाव एकच. चालकाचें वय अठरा असो वा साठ असो, या हप्त्यांत फरक पडत नाहीं. फरक पडतो तो इंजिनानें. त्यामुळें पहिली मोटार निवडतांनाच लहान इंजिनाची निवडली तर काटकसरीचा पहिला धडा तेथेंच गिरविला जातो.

भाच्यानें पसंत केलेला तिसरा कागद हाच, म्हणजे केवळ तिऱ्हाइताचा होता. पण त्यांतही मामांना एक खोंच आढळली. हप्त्यांतून १०० रुपये कमी केलेले होते. तिऱ्हाइताच्या मालमत्तेचें नुकसान झाल्यास खासगी मोटारीच्या विम्यांत साडेसात लाख रुपयांपर्यंत जबाबदारी कंपनी घेते. मालकाची संमति असल्यास ती केवळ ६,००० रुपयांवर आणून हप्त्यांत १०० रुपयांची सूट देण्याची सोय दरपत्रकांत ठेविलेली होती. शंभर रुपयांसाठीं ७,४४,००० रुपयांचा धोका अंगावर! चौकांत एखाद्याची नवी कोरी गाडी ठोकली गेली, तर सहा हजारांत तिचा दिवाही यावयाचा नाहीं. विम्याचा कागद सहीपूर्वीं ओळ न् ओळ वाचावा, तो यासाठीं.

आतां उरला दुसरा भाग, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. दोन्ही भाग एकत्र असलेल्या विम्याला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणतात. या भागाचे दर पूर्वी ठराविक असत. १ जानेवारी २००७ पासून ते कंपन्यांवर सोंपविले गेले. म्हणून घासाघीस करावयाची ती येथें. जुन्या दरपत्रकांत गाडीची किंमत, तिचें वय, इंजिनाचा आकार आणि गांव एवढ्या गोष्टी पाहिल्या जात. पुणें-मुंबईसारखीं आठ मोठीं शहरें ‘अ’ विभागांत, तर नाशिक-कोल्हापूरसारखीं ‘ब’ विभागांत मोडत आणि ‘अ’ विभागाचा दर अधिक असे. चालकाच्या वयाला त्या पत्रकांत स्थानच नव्हतें. कंपन्यांना मोकळीक मिळाल्यापासून प्रत्येकीचें गणित निराळें झालें आहे. एकाच गाडीसाठीं दोन कंपन्यांच्या हप्त्यांत चांगलाच फरक दिसतो. गाडी विकणाऱ्या दुकानदारानें पुढें केलेलाच विमा घेतला पाहिजे, असा कायदा नाहीं. चार ठिकाणीं विचारावें. मात्र विचारतांना सगळीकडे माल एकच असला पाहिजे.

भाच्याच्या पहिल्या दोन कागदांत हीच गोम होती. दुसरा कागद पहिल्याहून स्वस्त होता, कारण त्यांत गाडीची किंमत कमी धरली होती. विम्यासाठीं धरावयाच्या या किमतीला ‘आय. डी. व्ही.’ म्हणतात. नव्या गाडीच्या मूळ किमतीतून घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के. मामांच्या गाडीला तीन वर्षें पुरीं झालीं होतीं. मूळ किंमत सात लाख धरली तर ४० टक्के वजा जातां ४,२०,००० रुपये उरतात. पहिल्या कागदावर हाच आंकडा होता, दुसऱ्यावर ३,३०,०००. गाडी चोरीस गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर मिळावयाची रक्कम ती हीच. हप्त्यांत कांहीं शें रुपये वांचवून नव्वद हजारांवर पाणी सोडणें, याला स्वस्ताई म्हणत नाहींत.

दुसऱ्या कागदांत आणखी एक कलम होतें. दर नुकसानींतील पहिले १५,००० रुपये मालकानें स्वतः सोसावयाचे होते. सक्तीचा असा वांटा सर्वांनाच असतो. १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीस तो १,००० रुपये आहे. त्यावर आपखुशीनें आणखी वांटा उचलला तर हप्ता उतरतो. ही सोय मुळांत वाईट नाहीं. ज्याच्या बँकेंत तेवढे पैसे बाजूला ठेविलेले आहेत, त्यानें दोनपांच हजारांचा वांटा जरूर उचलावा. धोका पेलण्याजोगा आहे. पण ज्याची शिल्लक महिनाअखेरीस हजाराच्या घरांत येते, त्यानें पंधरा हजारांचा वांटा उचलणें म्हणजे नसतें ओझें डोक्यावर घेणें होय. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें येथेंही खरें.

नवशिक्याच्या हातून मोठा अपघात क्वचितच होतो. वारंवार घडतें तें निराळें. फाटकाच्या खांबाला गाडी घासते, मागें घेतांना बंपर भिंतीला लागतो. अशा वेळीं विमा आहे म्हणून कंपनीकडे धांव घ्यावी काय? याचें उत्तर ‘नो क्लेम बोनस’ नांवाच्या सवलतींत आहे. वर्षभर एकही क्लेम न केल्यास पुढील वर्षीं स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत २० टक्के सूट मिळते. ओळीनें दुसऱ्या वर्षीं २५, मग ३५, ४५ आणि पांचव्या वर्षीं ५० टक्के. एकदां क्लेम केला, कीं ही शिडी घसरून पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

आंकडे मांडून पाहावेत. नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये धरूं व समजण्यासाठीं तो दरसाल तेवढाच ठेवूं. बंपर मोडला, नवा बंपर ४,००० व मजुरी २,०००, असा खर्च ६,००० रुपये आला. प्लॅस्टिक व रबर यांच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा कापते, म्हणून बंपराचे २,००० गेले. सक्तीचा वांटा १,००० गेला. हातीं आले ३,०००. आतां दुसरी बाजू. क्लेम केला नसता तर पुढील तीन वर्षांत सूट २,०००, २,५०० व ३,५००, मिळून ८,००० झाली असती. क्लेम केल्यावर, पुढें तीनही वर्षें सुरळीत गेलीं तरी, ती शून्य, २,००० व २,५००, मिळून ४,५०० होते. तोटा ३,५०० रुपये, मिळाले ३,०००. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, त्यांतलाच हा प्रकार. लहानसहान ओरखडे स्वतःच्या खर्चानें बुजवावेत आणि विमा मोठ्या घावासाठीं राखून ठेवावा.

‘शून्य घसारा’ म्हणून एक जादा कलम मिळतें. तें घेतल्यास प्लॅस्टिकच्या भागांवरील वरची कपात होत नाहीं. अगदीं नव्या व महागड्या गाडीसाठीं तें उपयोगीं; जुन्या गाडीसाठीं त्याचा जादा हप्ता किती, हें पाहून ठरवावें. इंजिनांत पाणी शिरून झालेलें नुकसान साध्या विम्यांत सहसा धरलें जात नाहीं. जेथें पावसाळ्यांत रस्ते तुंबतात, अशा सखल भागांत राहणाऱ्यानें तेवढें एक कलम घेतल्यास तो खर्च वायां जात नाहीं. कार्यालयांत आगगाडीनें जाऊन केवळ रविवारीं मोटार काढणाऱ्यासाठीं आणखी एक वाट आहे. जुलै २०२२ मध्यें विमा नियामक प्राधिकरणानें गाडी जितकी चालेल, आणि जशी चालविली जाईल, त्या मानानें हप्ता घेण्याची परवानगी कंपन्यांना दिली. कमी फिरणाऱ्या नव्या चालकानें ही चौकशी अवश्य करावी.

येथें भाच्यानें एक शंका काढली. “मामा, तुम्ही तर तीन वर्षांत एकदांही क्लेम केला नाहीं. मग तुमची सूट गाडीबरोबर मला मिळणार ना?” ती मिळत नाहीं. सूट गाडीची नसून माणसाची असते. सावधपणें गाडी हांकल्याचें तें बक्षीस आहे. मामांनीं कंपनीकडून दाखला घेतला तर ते तीच सूट तीन वर्षांच्या आंत आपल्या पुढच्या मोटारीस लावूं शकतात. भाच्याला मात्र पहिल्या पायरीपासूनच आरंभ करावा लागतो. जुनी गाडी घेणाऱ्यानें आणखी एक लक्षांत ठेवावें. गाडी नांवावर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आंत विमाही आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्ज केला पाहिजे. तिऱ्हाइताचें संरक्षण कायद्यानें गाडीबरोबर चालत येतें. परंतु विमा पूर्वीच्या मालकाच्याच नांवावर राहिला तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारूं शकते.

ज्या तरुणाला स्वतःची गाडी हवीच असें नाहीं, त्याच्यासाठीं सर्वांत स्वस्त उपाय घरांतच असतो. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीनें, वैध परवाना असलेला कोणीही ती चालवूं शकतो. वडिलांच्या गाडीवर वडिलांचीच सूट चालूं ठेवून मुलानें हात बसवून घ्यावा, हें पूर्ण कायदेशीर आहे. मात्र मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा जो वैयक्तिक अपघात-विमा असतो, तो परवानाधारक मालकापुरता. मुलाला तो लागू पडत नाहीं. शिवाय दुसऱ्याचें वाहन मागून घेऊन चालविणारा हा मालकाच्याच जागीं उभा राहतो, तिऱ्हाईत ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं म्हटलें आहे. म्हणून मुलासाठीं निराळा अपघात-विमा असावा. उलट, ज्या मालकाजवळ आधींच तेवढ्या रकमेचा अपघात-विमा आहे, त्यानें मोटारीबरोबर तो पुन्हा विकत घेण्याचें कारण नाहीं. ही काटकसर पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

हाच मुलगा उद्यां शिक्षणासाठीं इंग्लंडला गेला, तर तेथें त्याला उलटा अनुभव येईल. तेथें विमा चालकाकडे पाहून ठरतो आणि कोंवळ्या वयाच्या नव्या चालकाला हप्ता फार जबर पडतो. कंपनी एकेका माणसाला ओळखत नाहीं. ती वर्ग ओळखते, आणि या वर्गाच्या हातून अपघात अधिक होतात. २१ डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष भेदावर हप्ता ठरविण्यास तेथें बंदी झाली. वयावर ठरविण्यास नाहीं. म्हणून कित्येक तरुण गाडींत एक लहानसें यंत्र बसवून घेतात. तें वेग, ब्रेक व रात्रीची फेरी यांची नोंद ठेवतें आणि सावध चालकाचा हप्ता उतरतो. अनुभवी वडीलधाऱ्याचें नांव जोडचालक म्हणून घातल्यानेंही कधीं कधीं फरक पडतो. पण मुख्यतः गाडी चालविणार मुलगा आणि कागदावर मुख्य चालक वडील, असें लिहिणें ही तेथें फसवणूक मानली जाते. उघडकीस आल्यास विमाच रद्द होऊं शकतो.

खोटेपणाची किंमत आपल्याकडेही कमी नाहीं. परवाना नसलेल्यानें गाडी चालवून अपघात केला, तर पुष्कळ प्रकरणांत न्यायालय कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई देण्यास सांगतें आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतें. म्हणजे ते चौसष्ट लाख शेवटीं मालकाच्याच दारीं येतात. दारू पिऊन गाडी हांकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम बुडाला म्हणून समजावें. शिकाऊ परवाना असलेल्यानें शेजारीं परवानाधारक शिक्षक व गाडीला पुढें-मागें ‘एल्’ची पाटी असल्यावांचून रस्त्यावर येऊं नये. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं किल्ली देणाऱ्या पालकास तर २०१९ च्या दुरुस्तीनें तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

शेवटीं भाच्यानें पहिल्या कागदावरील कंपनीलाच पुन्हा विचारलें. गाडीची किंमत ४,२०,००० च ठेविली. मालमत्तेची जबाबदारी साडेसात लाखांचीच राहूं दिली. शून्य घसाऱ्याचें कलम सोडलें आणि आपखुशीचा अडीच हजारांचा वांटा उचलून हप्ता थोडा उतरवून घेतला. ते अडीच हजार त्यानें त्याच दिवशीं बँकेंत निराळे ठेविले. तिसऱ्या कागदाहून हा हप्ता अधिक होता, यांत शंका नाहीं. पण जें त्याला पेलवण्याजोगें होतें तें त्यानें आपल्याकडे ठेविलें होतें आणि जें पेलवणारें नव्हतें तें सारें दुसऱ्यावर सोंपविलें होतें. जुनी मुदत संपण्यापूर्वींच त्यानें पैसे भरले. कारण मध्यें खंड पडल्यास गाडीची पुन्हा तपासणी होते, आणि खंड नव्वद दिवसांवर गेला तर मिळविलेली सूटही बुडते.

मामांनीं किल्ली त्याच्या हातीं दिली आणि म्हणाले, “हप्ता कंपनीनें उतरविला तो थोडा. बाकीचा तुलाच उतरवावयाचा आहे. दरसाल, गाडी जपून चालवून.”